भिकू, भिकाजी, बिकाझी: मॉरिशसमधल्या एका मराठी घराण्याच्या आडनावाचा माग

मॉरिशसमधल्या एका मराठी घराण्याने आपल्या आडनावाचा माग काढायचे ठरवले, त्या शोधाची ही सविस्तर हकिकत. घराणे ओळखू येऊ नये म्हणून मूळपुरुषाचे नाव बदलले आहे. बदली नाव 'भिकाजी' घेतले, कारण खऱ्या नावात जिथे जिथे मोडतोड झाली तिथे तिथे भिकाजीतही होते: सुरुवातीचा 'भ', त्यावरची वेलांटी, मधला 'क' आणि शेवटचा 'जी'. गावाचे आणि जहाजाचे नाव गाळले आहे.

माझ्याकडे विचारणा केली ती घराण्यातल्या एका ताईंनी. निमित्त होते ओसीआय कार्डाचे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते त्या कार्डाचे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या दौऱ्यावर असताना, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना हे कार्ड मिळावे अशी खास तरतूद जाहीर झाली. त्यानंतर तिथल्या अनेक घरांत जुन्या कागदांच्या पेट्या उघडल्या गेल्या. कार्डासाठी पिढीमागून पिढी अशी दाखल्यांची साखळी जोडावी लागते, आणि ताईंच्या घरात ती आडनावाच्या स्पेलिंगवर अडली होती. त्यांच्या स्वतःच्या ओळखपत्रावर आडनाव होते बी-आय-सी-ए-जी-वाय. वडिलांच्या जन्मदाखल्यावर तेच, पण सीच्या जागी के. पणजोबांच्या लग्नाच्या दाखल्यावर बी-एच-आय-सी-ए-जे-ई-ई. आणि त्याच गावात राहणारे दुसरे एक कुटुंब बी-डबल ई-के-ए-जे-डबल ई असे लिहीत होते. त्यांच्याशी आपले काही नाते नाही, अशी दोन्ही घरांची समजूत होती.

पण ताईंचा खरा प्रश्न कार्डाचा नव्हता. त्यांनी शाळेत मराठी घेतली होती, तिथे प्राथमिक शाळेत तशी सोय आहे. त्या थोडे अडखळत पण नेमके बोलतात. पहिल्याच बोलण्यात म्हणाल्या, "भाऊ, हे तर आमच्या मूळपुरुषाचं नाव झालं. मग आमचं आडनाव काय?"

या प्रश्नाला पार्श्वभूमी आहे. फ्रेंचांकडून हे बेट इंग्रजांनी 1810 मध्ये घेतले. 1814 च्या पॅरिस तहाने ते ब्रिटिशांकडे कायम झाले, तरी कायदा, भाषा आणि रीतिरिवाज बऱ्याच अंशी फ्रेंचच राहिले. गुलामगिरी उठत असताना उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अॅटलस' जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले आणि 1910 पर्यंत चाललेल्या गिरमिटाच्या, म्हणजे करारबद्ध मजुरीच्या, प्रथेत साधारण साडेचार लाख भारतीय तिथे गेले. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे, पण आजचा तिथला मराठी समाज त्यांचाच. कोकणातली झाकरी (आपली जाखडी) आणि गोंधळ या समाजाने आजवर टिकवले आहेत.

प्रत्येक मजुराची नोंद होई: नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, परगणा, जिल्हा, जहाज, आणि पहिल्यांदा ज्या मळ्यावर धाडले त्याचे नाव. शिवाय एक क्रमांक. या नोंदवह्या आता मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आहेत आणि वंशजांना त्यातून उतारे मिळतात. आडनावाला मात्र त्या वहीत रकाना नव्हता. उत्तर भारतातल्या अनेक मजुरांना आजच्या अर्थाने आडनाव नव्हतेच. कोकणातल्या कुणब्या-मराठ्यांना ते असे, पण त्यांना कुणी विचारले नाही. जातीच्या रकान्यात 'मराठा' किंवा 'कुणबी' लिहिले की काम संपले. पुढे बेटावर मुले झाली तेव्हा नागरी नोंदणीला आडनाव हवे होते आणि बापाचे पहिले नाव त्या जागी जाऊन बसले. एका माणसाचे हाक मारायचे नाव असे सगळ्या घराण्याचे आडनाव झाले. मॉरिशसमधली असंख्य भारतीय आडनावे अशीच तयार झाली आहेत.

तेव्हा हाती दोन प्रश्न होते. एक, ही चार स्पेलिंगे एकाच माणसाकडे जातात का. दोन, त्या माणसाचे आडनाव काय होते. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नव्हता.

स्पेलिंगे अशी का बदलली हे आधी पाहू, कारण त्यातून प्रत्येक कागद कुणाच्या हातचा आहे याचा अंदाज येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रज कारकून हिंदुस्थानी नावे कानाला जशी ऐकू येतील तशी, इंग्रजी वळणाने लिहीत. 'ऊ'साठी दोन ओ, 'ई'साठी दोन ई, 'अ'साठी यू. रत्नागिरी तेव्हा आर-यू-टी-एन-ए-जी-एच-ई-डबल आर-वाय अशी लिहिली जाई. 'ए'ला 'अ' आणि 'आय'ला 'इ' मानणारी हंटरची पद्धत सरकारने उचलली ती 1870 च्या दशकात. म्हणजे मुंबईच्या गोदीवर किंवा पोर्ट लुईच्या डेपोत लिहिलेले नाव जुन्या इंग्रजी वळणाचे असणार. नंतर मळ्याजवळच्या नागरी नोंदणी कचेरीत बसलेल्या माणसाचा कान बहुधा फ्रेंच किंवा क्रिओल (फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली). फ्रेंच जिभेवर 'एच'चा उच्चार होत नाही, त्यामुळे 'भ'चा 'ब' होतो आणि कागदावरून एच गळते. 'जी' ऐकल्यावर हा माणूस जी-वाय लिहू शकतो, कारण फ्रेंचमध्ये वायच्या आधीचा जी मऊ असतो, आपल्या 'झ'कडे झुकणारा. ताईंच्या घरात आज आडनावाचा उच्चार 'बिकाझी' असाच होतो. तेव्हा जे-डबल ई दिसले की इंग्रजी वळणाचा हात आणि जी-वाय दिसले की फ्रेंच कान, इतका कयास बांधता येतो. कयासच, पुरावा नव्हे.

आता ताईंच्या घरात आधीच झालेला शोध. त्यांच्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी नोंदवह्यांच्या सूचीत आडनावाजवळचे नाव धुंडाळले होते आणि त्याला एक नोंद मिळाली होती. स्पेलिंग जवळजवळ पणजोबांच्या दाखल्यासारखे, जहाज मुंबईचे, जिल्हा सातारा. घरात आनंदीआनंद झाला. वंशावळीच्या माथ्यावर सातारा लिहिले गेले, पुतण्या साताऱ्याला जाऊनही आला. हा मूळपुरुष घरात इतका रुजला होता की त्याच्याविषयी शंका घेणे मला जड गेले. पण त्याच्या बाजूने फक्त स्पेलिंगचे साम्य होते, आणि 'भिकाजी' हे नाव त्या काळी गावोगाव होते. मूल जगत नसले की भिकू, धोंडू, केरू अशी नावे ठेवायची, जेणेकरून दृष्ट लागू नये. एका जहाजात असे दोन-तीन भिकू निघाले तर नवल नाही.

संगणकावरच्या वंशावळी-शोधाने हा गोंधळ वाढतो. तिथे बऱ्याचदा साउंडेक्स नावाची पद्धत वापरतात, जिचे पहिले पेटंट 1918 मध्ये अमेरिकेत घेतले गेले. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर आणि एच सोडून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे. सी, के, जी, जे, एस, झेड हे सगळे एकाच गटात, आकडा 2. ताईंच्या घरातली चारही स्पेलिंगे या पद्धतीने बी-220 होतात, हे चांगलेच. पण 'बजाजी'ही बी-220 आणि 'बिसाजी'ही बी-220. मराठीत हे तीन वेगळे माणूस, यंत्राला एकच. आणि पहिले अक्षर तसेच ठेवायचे असल्यामुळे कुणी 'भ'साठी व्ही लिहिला असेल तर तो माणूस या जाळ्यातून सुटतो. पद्धत अमेरिकेतल्या नावांसाठी बेतलेली; तिच्याकडून 'भ' आणि 'ब'चा भेद कळावा ही अपेक्षा करता येत नाही.

मी ताईंना विचारले की घरातल्या कुठल्या जुन्या दाखल्यावर मूळपुरुषाचा क्रमांक आहे का. मॉरिशसच्या जुन्या जन्म-लग्नाच्या नोंदींत आईबापांच्या नावापुढे हा क्रमांक आढळतो, आणि स्पेलिंग कितीही फिरले तरी क्रमांक फिरत नाही, कारण तो ऐकून लिहायचा नसतो, मजुराजवळच्या तिकिटावरून उतरवायचा असतो. ताईंचे उत्तर विचार करायला लावणारे होते. क्रमांक आहे, पणजोबांच्या मोठ्या बहिणीच्या जन्मनोंदीत. पुतण्याने तो आधीच तपासला होता. त्या क्रमांकावर निघाला होता कलकत्त्याच्या जहाजातून आलेला बिहारकडचा एक माणूस, नाव पूर्ण वेगळे. म्हणून घरच्यांनी क्रमांकच चुकीचा आहे असे धरले आणि स्पेलिंगवर विश्वास ठेवून साताऱ्याचा भिकाजी स्वीकारला.

ताईंनी मला क्रमांक टाइप करून पाठवला होता. मी नोंदीच्या पानाचा फोटो मागवला, पूर्ण पानाचा, फक्त त्या ओळीचा नाही. हा आग्रह मी नेहमी धरतो. एका ओळीत फक्त एक शब्द दिसतो, पूर्ण पानात लिहिणाऱ्याचा हात दिसतो.

फोटो आला. क्रमांक सहा आकडी. पुतण्याने दुसरा आकडा 7 वाचला होता आणि वरवर पाहता तो 7 च दिसत होता: वरून डावीकडे एक लांब तिरकी रेघ, मग खाली सरळ दांडा. पण त्याच पानावर, त्याच शाईत, त्याच हाताने तारखा लिहिल्या होत्या, आणि त्यांतल्या वर्षाचा पहिला आकडा, जो 1 असण्यावाचून गत्यंतर नाही, तो अगदी असाच होता. फ्रेंच वळणाने लिहिणाऱ्यांचा एक असाच असतो, डोक्यावरची रेघ जवळजवळ दांड्याच्या निम्म्यापर्यंत येते. मग मी पानावरचा खरा 7 शोधला. तो खालच्या नोंदीत, एका घराच्या क्रमांकात सापडला. त्याच्या दांड्याला मधोमध एक आडवी काटणी होती. आमच्या क्रमांकातल्या आकड्याला काटणी नव्हती. तो 1 होता.

एका काटणीमुळे घराणे बिहारला गेले होते आणि तिथून साताऱ्याला.

सुधारलेल्या क्रमांकाने ताईंनी पुन्हा उतारा मागितला. आलेल्या उताऱ्यात मुंबईचे जहाज होते, 1850 च्या दशकातले. जिल्हा रत्नागिरी. जात मराठा. बापाचे नाव रामजी. आणि मजुराचे नाव होते बी-आय-सी-के-ओ-ओ.

ताईंचा निरोप निराशेचा होता. "भाऊ, हाही आपला नाही. हा बिकू आहे, भिकाजी नाही." त्यांच्या पुतण्यालाही तसेच वाटले, आणि यंत्रालाही तसेच वाटले असते, कारण साउंडेक्समध्ये हे नाव बी-200 होते, बी-220 च्या यादीत ते येतच नाही. पण कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. घरात आणि गावात जो भिकू, तोच कागदावर आणि मानाने बोलावताना भिकाजी. रामा आणि रामजी, धोंडू आणि धोंडजी, सखू आणि सखाराम, तसेच हे. गोदीवरच्या कारकुनाने विचारले असेल तेव्हा पंचविशीतल्या पोराने घरातले नाव सांगितले. पुढे बेटावर लग्न झाले, मुले झाली, दाखल्यावर नाव लिहून घेताना तोच माणूस, आता बापमाणूस झालेला, किंवा त्याच्या बाजूने बोलणारा कुणी सोबती, भिकाजी म्हणाला. नाव बदलले नाही. वय वाढले आणि मान वाढला.

या प्रकरणातला सगळ्यात मोठा धडा मला इथे दिसतो. ताईंच्या घरात सगळे लक्ष अक्षरांवर होते: के की सी, दोन ई की एक वाय. कागदावरचे अक्षर हा सगळ्यात कच्चा साक्षीदार आहे. तो लिहिणाऱ्याच्या कानाविषयी सांगतो, बोलणाऱ्याच्या घराविषयी फारसे सांगत नाही. जे नाव शोधायचे आहे ते आधी त्याच्या मूळ भाषेत, मूळ घरात ऐकावे लागते, त्याची लाडाची, रागाची, मानाची सगळी रूपे मांडावी लागतात, आणि मगच रोमन लिपीतल्या अक्षरांकडे वळावे.

अर्थात 'भिकू म्हणजे भिकाजी' एवढ्यावर मी थांबलो असतो तर साताऱ्याच्या नोंदीसारखीच दुसरी हौस झाली असती. आधारासाठी आणखी कागद पाहिले. पहिला, साताऱ्याच्या भिकाजीची पूर्ण नोंद. तिच्या शेऱ्यात तो करार संपल्यावर हिंदुस्थानात परतल्याचे लिहिले होते, आणि ते वर्ष ताईंच्या घराण्यातल्या पहिल्या मुलाच्या जन्माच्या आधीचे होते. आलेल्या मजुरांपैकी साधारण एक तृतीयांश परत गेले, त्यांतला तो एक. तो घराण्याचा मूळपुरुष असणे शक्यच नव्हते. पुतण्याने नोंदीचा फक्त सूचीतला भाग पाहिला होता. शेरा त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

दुसरा आधार, तिकीट. 1867 च्या कायद्याने करार संपवून बेटावर राहिलेल्या जुन्या मजुरांना फोटो लावलेले तिकीट बाळगणे सक्तीचे झाले. ती जाचक गोष्ट होती. रस्त्यात पोलिसाने अडवले आणि तिकीट जवळ नसले की अटक. त्या जाचातून उरलेले फोटो आज वंशजांना आपल्या माणसाचा चेहरा दाखवतात, हे खरे, पण ते कशासाठी काढले होते हे विसरू नये असे मला वाटते. आमच्या क्रमांकाच्या तिकिटाची नोंद निघाली. तिच्यात नाव 'बिकाजी', क्रमांक तोच, आणि डाव्या भुवईवर व्रण. आगमनाच्या नोंदीतल्या बिकूच्या खुणेतही डाव्या भुवईवर व्रण. एकाच क्रमांकाखाली दोन नावे, एकच व्रण. इथे माझी शंका संपली.

तिसरा आधार तुलनेने हलका: बिकूच्या बापाचे नाव रामजी, आणि घराण्यातल्या थोरल्या मुलाचे नाव दाखल्यावर आर-ए-एम-जी-वाय. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत. रामजी हे नाव इतके सरसकट आहे की त्याचा एकट्याचा पुरावा होत नाही, पण बाकीचे जुळल्यावर ते शोभून दिसते.

मग चौथे स्पेलिंग, दोन-दोन ई वाल्या शेजाऱ्यांचे. त्यांच्याकडच्या सगळ्यात जुन्या दाखल्यावर बापाचा क्रमांक पाहायला सांगितला. तोच क्रमांक निघाला. आईचे नाव मात्र वेगळे. भिकूची दोन लग्ने झाली होती. पहिली बायको 1867 मध्ये वारली, बेटावर मलेरियाची जी भयंकर साथ आली आणि हजारो माणसे घेऊन गेली त्या वर्षी. पहिल्या बायकोची मुले ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात नोंदली गेली, दुसरीची सावान जिल्ह्यात, कारण भिकू दरम्यान मळा बदलून दक्षिणेला गेला होता. दोन कचेऱ्या, दोन हात, दोन वळणे. एका शाखेला डबल ई मिळाला, दुसरीला पुढे जाऊन जी-वाय. दोन-तीन पिढ्यांत सावत्रपणा विसरला, नाते विसरले, स्पेलिंग तेवढे राहिले आणि त्या स्पेलिंगवरून दोन्ही घरे म्हणू लागली की आपण वेगळे. ही माणसे एकमेकांची भावकी आहेत. ताईंनी हे त्यांना जाऊन सांगितले तेव्हा त्या घरातले सगळ्यात थोरले काका बराच वेळ दाखला हातात धरून बसले होते, असे ताईंनी कळवले. या शोधातले मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हे. ओसीआय कार्ड त्यापुढे काहीच नाही.

कार्डाचे काम त्यानंतर सरळ झाले. साखळीतल्या प्रत्येक दाखल्यावरचे नाव जसे आहे तसेच उतरवले, काहीही सुधारून घेतले नाही. बाजूला एक तक्ता: कुठल्या कागदावर कुठले स्पेलिंग, कुणाचा क्रमांक, कुणाशी नाते. भिकूपासून त्याच्या मुलांपर्यंतचा दुवा क्रमांकाने आणि पुढचे दुवे आईबापांच्या नावांनी आणि जन्मतारखांनी जोडले. स्पेलिंगमधला फरक लपवायचा नाही, तो आधीच सांगायचा आणि त्याच्यासमोर न बदलणारी गोष्ट ठेवायची, असे केले. काही घरे घाईने प्रतिज्ञापत्र करून सगळ्या पिढ्यांचे स्पेलिंग एकसारखे करून घेतात. मला ते पटत नाही. वेगळी स्पेलिंगेच तर सांगतात की कुठला मुलगा कुठे जन्मला.

उरला आडनावाचा प्रश्न.

आगमनाच्या नोंदीत परगण्याच्या जागी जे लिहिले होते ते वाचताना ताईंना वाटले हे एखाद्या इंग्रजी किल्ल्याचे नाव आहे: एस-ई-व्ही-ई-आर-एन-डी-आर-डबल ओ-जी. हा आपला सुवर्णदुर्ग. इंग्रज दर्यावर्दी सुवर्णदुर्गाला सेव्हर्नड्रूग म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकात त्या नावाचा तालुका होता, ढोबळ मानाने आजची दापोली आणि आसपासचा भाग. रत्नागिरी जिल्हाही तेव्हा मोठा होता. आजचा सिंधुदुर्ग त्यातून 1981 मध्ये निघाला. जुन्या नोंदीतले 'रत्नागिरी' वाचून सरळ आजच्या जिल्ह्यात शोधू लागले तर मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसे हातातून निसटतात. आमच्या बाबतीत सुवर्णदुर्गाने क्षेत्र आवळून दिले. गावाचे नाव 'वली'ने संपत होते, आणि कोकणात वलींना तोटा नाही, पण त्या तालुक्यात जुळणारे उच्चाराने एकच ठरले. तिथल्या एका वाडीत मी जाऊन आलो. मॉरिशसला कुणी गेल्याची आठवण कुणालाच नव्हती. मुंबईला गिरणीत गेलेल्यांच्या कथा खूप, बोटीने दूर गेलेल्यांची एकही नाही.

भिकू गेला तेव्हा त्या भागातली सविस्तर जमीनमोजणी व्हायची होती. म्हणून कागदांत तो सापडणार नाही. सापडला तर बाप रामजी सापडेल, तोही मोजणीच्या वेळी जिवंत असेल आणि त्याच्या नावे कूळ म्हणून जमीन असेल तर. हे गाव खोती, म्हणजे सारावसुली खोताकडे असलेले. खोती गावांत कुळांच्या नोंदी असलेले बोटखत नावाचे कागद असत, आणि त्या काळचे बरेच गावकागद मोडीत आहेत. कुणबी नोंदींचा शोध 2023 पासून जोरात सुरू झाला तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आहे आणि असे कागद पाहायला मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, हा एक फायदा. गावातल्या एका घराकडे जपून ठेवलेल्या कागदांत मला रामजी दिसले. एक नव्हे, दोन. एक 'रामजी बिन तुकोजी', दुसरा 'रामजी बिन भिकाजी', दोघांची आडनावे वेगळी, दोन्ही आडनावांची भावकी आजही त्या गावात आहे. दुसऱ्या रामजीच्या बापाचे नाव भिकाजी हे वाचून ताई फोनवर ओरडल्याच. नातवाला आजोबांचे नाव, म्हणजे आपला भिकू त्याचाच मुलगा!

मलाही तसे वाटते. पण वाटते म्हणून लिहायचे असते तर साताराही बरोबरच होता. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे, सक्ती नाही. शिवाय गावात तिसरा एखादा रामजी असेल, ज्याच्या नावे जमीन नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतावर राबत होता. जो मुलगा बोटीत बसून ऊस तोडायला समुद्रापार गेला, त्याच्या घरी जमीन नसण्याचीच शक्यता जास्त. हे मी ताईंना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरोबर आहे, भाऊ. नुसता अंदाज लिहून ठेवला तर आमची मुलं तोच खरा धरून बसतील."

वंशावळीच्या माथ्यावर आता असे लिहिले आहे: भिकू ऊर्फ भिकाजी, बाप रामजी, पुढे क्रमांक, जहाज, गाव, तालुका सुवर्णदुर्ग. आडनावाच्या जागी 'नोंद नाही', आणि खाली तळटिपेत दोन्ही आडनावे, कोणत्या कागदात दिसली त्यासह. ताईंचे स्वतःचे आडनाव जी-वायनेच राहणार आहे. ते बदलून घ्यावे असा विचार घरात कुणाच्याही मनात नाही.

पुढची पायरी डीएनएची आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. भिकूच्या थेट पुरुषवंशातला एक माणूस आणि गावातल्या दोन्ही भावकींतला एकेक पुरुष यांची चाचणी जुळवली तर एक आडनाव वगळता येईल, कदाचित दोन्हीही. पुतण्या तयार आहे. डबल ई वाल्या घरातला एक नातूही तयार आहे, त्यामुळे दोन शाखा एकमेकींशीही तपासून पाहता येतील. गावातल्या लोकांना अजून विचारलेले नाही. फोनवर विचारण्यासारखी ही गोष्ट नाही. कोण कुठे गेले, का गेले, आता ते जमिनीत वाटा मागायला येताहेत का, हे प्रश्न आधी येणार आणि त्यांची उत्तरे समोर बसून द्यावी लागणार. शिमग्याला मुंबईकर गावी येतात तेव्हा दोन्ही भावकीतली बहुतेक माणसे एकत्र भेटतील. तेव्हाच जायचे ठरले आहे, आणि ताईही येणार आहेत.